स्पिंडलची जोडणी : एक पाठ

विद्यालयाच्या कार्यशाळेने आम्हांस एक सवय लावली होती : आधी समजून घ्यावे, मगच तार जोडावी. ती सवय आम्ही एकदा मोडली. त्यातून जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आजचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

छोट्या सीएनसी यंत्रात कोरणारे हत्यार ज्या मोटारीवर फिरते तिला स्पिंडल म्हणतात. तिला वीज पुरविणारी व वेग ठरविणारी पेटी म्हणजे व्हीएफडी. दोन ध्रुवांची स्पिंडल ४०० हर्ट्झला मिनिटास सुमारे २४,००० फेरे घेते. किती वेग हवा, हे व्हीएफडीला ० ते १० व्होल्टच्या दाबाने सांगावे लागते. अर्डुइनो उनोवरील ग्रबल प्रणाली मात्र ५ व्होल्टची, सेकंदाला सुमारे हजार वेळा उघडझाप करणारी पीडब्ल्यूएम लहर देते. या लहरीचे स्थिर दाबात रूपांतर करणारी पट्टी म्हणजे सिग्नल कन्व्हर्टर. लहर निम्मा वेळ चालू असेल, तर ५ व्होल्ट मिळावेत.

व्हीएफडीतून विद्युत् गोंगाट पुष्कळ निघतो. तो नियंत्रकापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये ऑप्टोकपलर बसवितात. त्याच्या आत एक एलईडी व एक फोटोट्रान्झिस्टर असतो. निरोप प्रकाशाने जातो, तारेने नाही. पीसी ८१७ च्या एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. म्हणून ५ व्होल्टला ३९० ओहमचा रोधक लावल्यास जवळपास १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो.

आमच्या दोन चुका झाल्या. दोन्ही बाजूंना आम्ही एकाच पुरवठ्याची ऋण तार जोडली. त्यामुळे विलगीकरण नावापुरतेच उरले. दुसरी चूक अधिक गंभीर होती. ट्रान्झिस्टरचा निर्गम आम्ही कलेक्टरवरून घेतला व तेथे पुल-अप रोधक लावला. अशा जोडणीत लहर उलटते : एलईडी विझला की निर्गम वर जातो. आम्ही थांबण्याची आज्ञा एम ५ दिली आणि स्पिंडल पूर्ण वेगाने फिरू लागली, कारण व्हीएफडीची 'चालू' तार आम्ही कायमची जोडून ठेवली होती. हत्यार बसविलेले नव्हते व हात दूर होता, हे आमचे सुदैव.

उपाय सोपा आहे. निर्गम एमिटरवरून घ्यावा व तेथून ऋण तारेस रोधक जोडावा. मग एलईडी विझला अथवा तार तुटली, तरी वेग शून्याकडेच जातो. ऑप्टोकपलरच्या पलीकडील बाजूस स्वतंत्र पुरवठा द्यावा. वेगाची आज्ञा व चालू-बंदची आज्ञा वेगवेगळ्या तारांनी न्याव्यात. वेगाची तार आवरणयुक्त असावी, तिचे आवरण एकाच टोकाला अर्थ करावे आणि ती स्पिंडलच्या वीजतारेपासून दूर ठेवावी. आणीबाणीचे बटण संगणकावर अवलंबून ठेवू नये. त्याने वीज थेट तोडली पाहिजे.

चाचणी व्हीएफडी न जोडता करावी. ग्रबलमधील ३० क्रमांकाच्या मांडणीचे मूळ मूल्य १००० असते. ते २४,००० करावे, अन्यथा एस १२००० ही आज्ञा पूर्ण वेगाची ठरेल. मग एम ३ एस १२००० देऊन मल्टिमीटरवर ५ व्होल्ट येईपर्यंत कन्व्हर्टरवरील छोटा स्क्रू फिरवावा. एम ५ ला शून्य दिसलेच पाहिजे. त्यानंतरच व्हीएफडी जोडावी. तीही वीज बंद करून, आतील कपॅसिटर उतरण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून.

मीटर लावून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. आम्ही ती वाचविली होती. आमच्या धाकट्या भावंडांनी ती वाचवू नयेत, एवढीच विनंती.