ठाण्यात मारला गेलेला फ्रान्सिस्कन : तोलेंतिनोचा थॉमस

आसनगावहून लोकल पकडून आपण दर शनिवारी ठाण्याला जातो. कोणी क्लासला, कोणी पिक्चरला, कोणी नुसतंच तलावपाळीवर भटकायला. पण याच ठाण्यात सातशे वर्षांपूर्वी इटलीहून आलेल्या एका साधूचा आणि त्याच्या सोबत्यांचा वध झाला होता, हे किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला माहीत नव्हतं. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे संत फ्रान्सिस पाठ होता. वसईचा गोन्सालो गार्सिया, जो १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, तोही ऐकून होतो. थॉमसचं नाव मात्र एकाही सिस्टरने कधी घेतलं नाही. का घेतलं नसावं, हे आता थोडं थोडं कळतंय.

आधी तो इथे आलाच कसा ते पाहू. गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलची गँग नाणेघाटला गेली होती. मुरबाडच्या पुढे वैशाखरे, तिथून चढण, वर तो मोठा दगडी रांजण आणि सातवाहनांचा शिलालेख. आपण तिथे फोटो काढले आणि खाली येऊन मिसळ खाल्ली. पण ती वाट म्हणजे त्या काळचा हायवेच होता. सोपारा, कल्याण, ठाणे या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे चढायचा. आणि जिथे माल उतरतो तिथे माणसंही उतरतात. चौदाव्या शतकात ठाण्यात हिंदू होते, मुसलमान होते, अग्निपूजक पारशी होते, आणि नेस्टोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरं होती. आपल्या हॉस्टेलपेक्षा जास्त व्हरायटी!

थॉमसचा जन्म इटलीच्या मार्के प्रांतातल्या तोलेंतिनो गावचा, साधारण १२५५ ते १२६० च्या दरम्यानचा. तो फ्रान्सिस्कन झाला, पण सरळ चाकोरीतला नव्हे. संत फ्रान्सिसने सांगितलेली गरिबी अक्षरशः पाळायची, संघाने मठ-मालमत्ता जमवायची नाही, असं म्हणणारा एक कडवा गट होता. थॉमस त्यातला. त्यासाठी त्याच्याच संघाने त्याला अँजेलो क्लारेनो वगैरे मंडळींबरोबर कैदेत टाकलं. म्हणजे ज्याला पुढे चर्चने पूज्य ठरवलं, त्याने पहिली कैद भोगली ती स्वतःच्याच लोकांची! १२८९ च्या सुमारास संघाचे नवे प्रमुख रेमंड गोफ्रेदी यांनी त्यांना सोडलं आणि आर्मेनियाच्या राज्यात पाठवून दिलं. माझ्या मते ही एक प्रकारची बदलीच होती. डोकेदुखी दूर पाठवायची आपल्याकडचीही जुनी पद्धत.

पण गडी कामाचा निघाला. आर्मेनियाच्या राजाचा वकील म्हणून तो पोप आणि फ्रान्स-इंग्लंडच्या राजांकडे जाऊन आला. पुढे चीनमधून माँतेकोर्विनोच्या जॉनने पाठवलेली पत्रं त्याने १३०७ मध्ये पोप क्लेमेंट पाचवे यांच्यापुढे मांडली आणि त्यातून खानबालिक, म्हणजे आजचं बीजिंग, इथे आर्चबिशप नेमला गेला. साठी उलटल्यावर त्याला स्वतःलाच चीन गाठायचा होता. होर्मुझहून जहाज निघालं. बरोबर पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, दुभाष्याचं काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रियस, आणि जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन. जायचं होतं कोल्लमला, वाऱ्याने आणलं ठाण्याला.

इथून पुढची हकीकत मुख्यतः ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने सांगितली आहे. तो घटनेनंतर काही वर्षांतच ठाण्यात आला होता. हेन्री यूलने १८६६ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. चौघं एका नेस्टोरियन घरी उतरले होते. जॉर्डानस तेव्हा दुसरीकडे गेला होता. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, बाई काझीकडे तक्रार घेऊन गेली. पुरावा काय? म्हणाली, घरी चार परदेशी साधू आहेत, त्यांनी पाहिलंय. म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलं आणि प्रकरण भलतीकडेच गेलं. पीटरला सामान सांभाळायला घरी ठेवून तिघे गेले. काझीने धर्मचर्चा सुरू केली, ख्रिस्ताबद्दल विचारलं, आणि शेवटी पैगंबरांबद्दल तुमचं मत काय असं विचारलं. आधी त्यांनी टाळलं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर थॉमसने अत्यंत जहाल, अपमानकारक उत्तर दिलं. ते मी इथे लिहीत नाही.

मग त्यांना उन्हात उभं केलं. जेम्सला आगीत टाकलं पण तो जळाला नाही, असं ओदोरिक सांगतो. (आमच्या थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना हे पटणार नाही!) मलिक, म्हणजे शहराचा अंमलदार, त्याने तर त्यांना सोडूनही दिलं आणि खाडीपलीकडे जायला सांगितलं. तिथे त्यांना आसरा मिळाला तो एका मूर्तिपूजकाच्या घरी. वाचताना मला कळव्याचा पूलच दिसला. पण काझीने मलिकाचं मन वळवलं आणि ९ एप्रिल १३२१ च्या रात्री शस्त्रधारी माणसं पाठवून तिघांना मारण्यात आलं. जॉर्डानसने परत येऊन प्रेतं सोपाऱ्याला पुरली. ओदोरिकने हाडं उकरून थेट चीनमधल्या झैतून बंदरात नेली. वाटेत वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात टाकताच जहाज चालू लागलं, असंही तो लिहितो. थॉमसचं मस्तक मात्र तोलेंतिनोच्या कॅथेड्रलमध्ये आहे.

आता वाद. हा हुतात्मा म्हणायचा की स्वतःहून मरण ओढवून घेणारा? त्याच्या काळीसुद्धा हा प्रश्न होता. पोप जॉन बाविसावे यांचं तेव्हा गरिबीच्या मुद्द्यावरून फ्रान्सिस्कनांशी बिनसलं होतं. १३१८ मध्ये याच कडव्या गटाचे चार साधू मार्सेमध्ये जिवंत जाळले गेले होते. ठाण्याची बातमी पोहोचली तरी त्यांनी कोणाला संत केलं नाही. थॉमसला अधिकृत मान्यता मिळाली ती १८९४ मध्ये, पोप लिओ तेरावे यांच्याकडून, तीही 'धन्य' म्हणून, 'संत' म्हणून नाही. सिएनाच्या सान फ्रान्चेस्कोमध्ये अँब्रोजो लोरेंझेत्तीचं साधूंच्या वधाचं भित्तिचित्र आहे. काही अभ्यासक म्हणतात ते ठाण्याचं, काही म्हणतात दुसऱ्याच ठिकाणचं. शिवाय आपल्याला मिळते ती सगळी हकीकत मिशनऱ्यांच्या लेखणीतून. काझीचं म्हणणं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मला स्वतःला ओदोरिकचं एक वाक्य फार खरं वाटतं. वधाच्या जागेची माती ठाण्याचे हिंदू आणि मुसलमान पाण्यात कालवून आजारपणात पीत, असं तो लिहितो. आगीचं मला माहीत नाही, पण हे आपल्याकडे घडू शकतं. मलंगगडाला जाणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

हा लेख मी आधी रूममेटला वाचून दाखवला. तो पडघ्याकडचा, पाच वेळा नमाज पढणारा. मला जरा टेन्शनच होतं. काझीचा भाग आला तेव्हा तो गप्प होता. म्हणाला, 'तुझा थॉमस माझ्या घरी येऊन असं बोलला असता तर मलाही राग आला असता. पण म्हणून रात्री माणसं पाठवायची?' मग त्याने विचारलं, 'तो चौथा, सामान सांभाळणारा, त्याचं काय झालं?'

पीटरला दोन दिवसांनी, ११ एप्रिलला मारलं. धर्म बदल म्हणाले, तो नाही म्हणाला. आधी झाडाला टांगलं, मग तलवारीने.

'तो तर काही बोललाही नव्हता ना?' रूममेट म्हणाला.

काझीपुढे नाही. तो त्या दिवशी घरीच होता.