गळतंय कुठून, ते आधी बघ

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

ताईने फोनवर सहज सांगितलं, की तुझ्या गाडीखाली रोज तेलाचा डाग पडतो, सोसायटीवाले कुरकुरतात म्हणून तू खाली पुठ्ठा सरकवून ठेवतोस आणि महिन्याला अर्धा लिटर ऑइल ओतून काम भागवतोस. याच गाडीने गणपतीला तिला ताम्हिणीतून घेऊन येणार आहेस, हेही तिने कौतुकाने सांगितलं. कौतुक तिच्यापाशी राहू दे. भर पावसात, घाटात, मोबाइलला रेंज मिळेल न मिळेल अशा ठिकाणी ताई मागच्या सीटवर आणि इंजिनात तेल नाही, हा विचार काही माझ्या मनातून जात नाही.

तू म्हणशील, डाग तो केवढा, वाटीएवढा! पण डाग केवढा यापेक्षा तेल कुठून येतं याला महत्त्व आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तिथून तेल झिरपत असेल, तर त्या जागी तेलाला पंपाचा दाब नसतो. अशी गळती कित्येक महिने तेवढीच राहू शकते. मात्र ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येत असेल, तर आग लागायची भीती आहे, तिथे एक दिवसही थांबायचं नाही. ऑइल फिल्टरचं रबर आणि प्रेशर स्विच यांची गोष्ट निराळी. त्यांच्यामागे पंपाचा दाब असतो. इंजिन बंद केलं की दाब उतरतो आणि गळणंही मंदावतं. म्हणजे तुझा पुठ्ठा उभ्या गाडीची गळती सांगतो. चालत्या गाडीची त्याला माहितीच नाही. ताईला बसवून तू नेणार आहेस ती चालती गाडी.

गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायला लागेल म्हटलं म्हणून तू बिचकलास, असंही ताई म्हणाली. बिचकणं रास्त आहे, पण आधी त्याने गळती शोधली कशी, ते विचार. तेल वरून खाली उतरतं आणि गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे वरच्या पॅकिंगमधून निघालेला थेंबही चेंबरच्या मागच्या कडेवरून पडतो आणि क्रँकचं मागचं ऑइल सील गेल्यासारखं वाटतं. म्हणून इंजिन थंड असताना, वायरिंग झाकून ते नीट धुऊन घे, थोडी गाडी फिरव आणि मग लिफ्टवर घेऊन बॅटरीच्या उजेडात सगळ्यात वरची ओली जागा शोधायला सांग. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून तर राहिली नाही ना, ड्रेन बोल्टचा वॉशर बसलाय ना, हे बघायला फारसा खर्च नाही. ब्रीदरचा व्हॉल्व्ह तुंबला असेल तर आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. तो तसाच ठेवून सील बदललंस, तर नवं सीलही गळेल आणि मजुरी फुकट जाईल.

गळती थांबवणारं औषध बाजारात मिळतं, ते टाकू का, असं विचारशील. कडक झालेलं रबर त्याने थोडं मऊ होतं कधीकधी. पण फाटलेलं पॅकिंग सांधत नाही, ढिला बोल्ट आवळत नाही. आणि लाल दिवा लागला की थांबेन, असं तर मुळीच म्हणू नकोस. तो दिवा तेलाच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे; तो लागतो तेव्हा दाब पडलेला असतो. चढावर तेल चेंबरात एका बाजूला सरकतं, आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक लहान गाड्यांत सुमारे 1 लिटरचं अंतर असतं. सपाट जागी, सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ती बघत जा. तरीही वाटेत दिवा लागलाच, तर पुढचं गाव गाठायचा मोह धरू नकोस. कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद कर. तुझ्या वयात थांबणं कमीपणाचं वाटतं. मलाही वाटायचं, आणि त्या घाईने काय मिळवलं म्हणशील, तर आज एकही गोष्ट सांगता येत नाही.

फार बोललो का रे? तू निष्काळजी नाहीस, पुठ्ठा टाकायचं तरी तुला सुचलं. महिनाअखेर आहे, हप्ते आहेत, तेही मला कळतं. दुरुस्तीला पैसे कमी पडले तर मोकळेपणाने सांग, भाच्याशी मी हिशेब ठेवत नाही. आणि गाडी वेळेत झाली नाही, तर दोघं एसटीने या. माणगाव स्टँडवर मी घ्यायला येईन, गाडी कितीही उशिरा पोचू दे.

तुझा,
मामा