केळी कापण्याच्या सुरीची धार : कोन धरणाऱ्या स्वस्त यंत्राची मांडणी व दुरुस्ती

सावदा-रावेरकडील केळीबागायतदार रोपांवर, खतांवर व पाण्याच्या नळ्यांवर हात आखडता घेत नाही. परंतु घड उतरल्यावर ज्या सुरीने दांड्यापासून फण्या अलग करावयाच्या, तिच्या धारेकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपला माल दिल्लीकडे जातो, तसाच आता समुद्रापलीकडेही जातो. इतक्या दूरच्या वाटेवर फणीचा माथा शाबूत राहणे ही पहिली गरज होय. बोथट सुरी माथा कापीत नाही, फाडते. फाटलेल्या तंतूंत चीक साचतो, बुरशीस शिरकाव मिळतो आणि माथा काळा पडून कुजू लागतो. हे नुकसान बागेत दिसत नाही. पेटी उघडणाऱ्यास दिसते, व भाव तोच ठरवितो.

दुसरे नुकसान ह्याहून वाईट. गेल्या हंगामात आमच्या सालदाराच्या अंगठ्यास सुरी लागून चार टाके पडले. सुरी धारदार होती म्हणून नव्हे, तर ती बोथट होती म्हणून लागली. बोथट पात्यास जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात निसटला की आवरत नाही. धार पाहणे हे धन्याचे काम होते व ते आम्ही केले नव्हते, हे येथे कबूल करणे भाग आहे.

तद्नंतर आम्ही एक ते दोन हजार रुपयांत मिळणारे, कोन धरून धार लावणारे यंत्र आणले. पहिल्याच दिवशी त्याने सुरीची कड धारदार होण्याऐवजी गोल केली. यंत्र टाकून देण्याच्या विचारात होतो. पण दोष शोधीत गेलो तेव्हा असे आढळले की, स्वस्त यंत्रात कोन असतो, स्थैर्य नसते. ते स्थैर्य आपण पदरचे द्यावे लागते. ते कसे द्यावे एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

यंत्राची रचना.— एका बैठकीवर पाते धरणारा चिमटा असतो. त्याच्या मागे उभी सळई व तिजवर वरखाली सरकणारा ठोकळा असतो. ठोकळ्याच्या भोकातून एक आडवी लांब सळई जाते व तिला धारेचा दगड बसवितात. पात्याची पाठ उभ्या सळईकडे व कड आपल्याकडे असते. ठोकळा वर नेला की कोन वाढतो, खाली आणला की घटतो. निसण्यावर हाताने धार लावताना मनगट दर खेपेस थोडे फिरते. येथे ते काम सळई करते. तत्त्व इतके सोपे आहे. बिघाड होतो तो पुढील तीन ठिकाणी.

पहिला दोष, बैठक.— बैठक हलकी असल्याने दगड ओढताना सबंध यंत्र हलते. ती जाड, सपाट फळीस स्क्रूने घट्ट आवळावी व फळी टेबलास शिकंज्याने धरावी. बोटाने ढकलून पाहता हालचाल दिसता कामा नये.

दुसरा दोष, चिमटा.— चिमट्याचे ओठ गुळगुळीत असतात. त्यांतून पाते सरकते किंवा एका बाजूस झुकते. ओठांस पातळ चामड्याचा तुकडा चिकटवावा. रबर लावू नये. ते दाबाने चेपते व पात्याबरोबर कोनही डोलतो. लांब सुरी असल्यास एका वेळी मधला भागच धरून दोन्ही टोके घासू नयेत, कारण पातळ पाते टोकाशी लवते. अशी सुरी दोन टप्प्यांत धरावी.

तिसरा दोष, ठोकळा व भोक.— हा सर्वांत घातक. ठोकळ्याचा स्क्रू सैल पडून तो हळूहळू खाली उतरतो व आपणास कळतही नाही. ह्यास उपाय म्हणून ठोकळ्याच्या लगत खाली, सळईवर घट्ट बसणारे रबरी वायसर चढवावे. ठोकळा उतरू लागला तर तेथे अडतो, व उद्या तीच उंची पुन्हा सापडते. भोक सळईहून मोठे असेल तर आत प्लॅस्टिकच्या बारीक नळीचा तुकडा बसवावा. तेही न जमल्यास काम करताना सळई भोकाच्या एकाच बाजूस टेकून राहील असा हलका दाब ठेवावा.

दगडांची तयारी.— यंत्राबरोबर बहुधा १२०, ३२०, ६०० व १५०० क्रमांकाचे दगड येतात. क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक. नवा दगडही सपाट असेलच असे नाही. दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा ओढाव्या आणि जाड काचेवर पाण्याचा पॉलिश-कागद अंथरून त्यावर तो घासावा. सर्व रेघा सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.

कोनाचा हिशेब.— पात्याच्या कडेपासून ठोकळ्यापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. ते २० सेंटिमीटर धरल्यास, पात्याच्या पातळीपासून ठोकळ्याची उंची १५ अंशांस सुमारे ५.४, २० अंशांस ७.३ व २५ अंशांस ९.३ सेंटिमीटर लागते. अंतर निराळे असल्यास अनुक्रमे ०.२७, ०.३६ व ०.४७ ह्यांनी त्यास गुणावे. मात्र दगडाचा तळ सळईच्या मध्यापासून जितका खाली असेल, तितकी उंची ह्यात मिळवावी. दगडाचा तळ १ सेंटिमीटर खाली असेल तर २० अंशांस उंची ७.३ नव्हे, सुमारे ८.३ ठेवावी. हे मिळविणे आम्ही विसरलो होतो व दगड कडेस न पोचता तिच्या मागचा भागच घासत होता.

ह्याच कारणाने दगड बदलताना जाडी पाहावी. दुसरा दगड ३ मिलिमीटरने जाड असेल तर वरील अंतरावर कोन जवळजवळ १ अंशाने कमी होतो. तेवढ्यापुरता ठोकळा वर घ्यावा. पातळ दगडास खाली आणावा. मोबाईलमधील कोन मोजण्याच्या सोयीने पडताळा घेता येतो, परंतु मोबाईलचे ओझे सळईवर टाकू नये.

फण्या कापण्याच्या पातळ सुरीस प्रत्येक बाजूने २० अंश आम्हांस ठीक वाटले. १५ अंशांची धार आरंभी सुरेख चालते, पण दांड्याच्या तंतूंत लवकर मुडपते. २५ अंशांची धार टिकते, परंतु जोर अधिक मागते.

शाईची परीक्षा.— हिशेबावर विसंबून न राहता कडेवर काळ्या मार्करने पट्टी ओढावी व बारीक दगड दोन वेळा हलकेच फिरवावा. शाई नुसती वरच्या अंगास गेली तर कोन कमी आहे, नुसत्या टोकाशी गेली तर जास्त आहे. कडेच्या सबंध उतारावर सारखी गेली म्हणजे मांडणी बरोबर. ही परीक्षा मुठीजवळ, मध्ये व टोकाशी अशी तीन ठिकाणी घ्यावी. पाते उलटल्यावर ती पुन्हा घ्यावी, कारण चिमटा दोन्ही बाजूंस सारखा धरील अशी खात्री नसते.

धार लावणे.— दगडावर पाण्याचे दोनचार थेंब टाकावे. १२० चा दगड फक्त खांडे पडलेल्या पात्यास. एरवी ३२० पासून आरंभ करावा. मुठीकडून टोकाकडे, सळईच्या ओझ्याहून थोडाच अधिक दाब देऊन दगड फिरवावा. काही वेळाने दुसऱ्या बाजूस बोट कडेकडून बाहेर हलकेच नेले असता धातूची बारीक झालर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागल्याखेरीज पाते उलटू नये; अर्धवट उलटण्यानेच बहुतेक सुऱ्या बोथट राहतात. दुसऱ्या बाजूसही असेच करून ६०० चा दगड घ्यावा व दाब उत्तरोत्तर कमी करावा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, कड मागे ठेवून, पाते आठदहा वेळा ओढले की झालर निघून जाते. केळीच्या तंतुमय दांड्यास ६०० ची किंचित खरखरीत धार पुरते. १५०० चा दगड स्वयंपाकघरातील सुरीसाठी राखावा.

परीक्षा कागदावर करावी, पण निकाल फणीवर पाहावा. माथा एका ओढीत कापला जाऊन कापाची जागा गुळगुळीत दिसली व तंतू लोंबत नसले, तर धार उतरली म्हणावी.

मर्यादा व निगा.— आत वळलेल्या कोयत्यास किंवा विळ्यास हे यंत्र उपयोगी नाही; सपाट दगड आतल्या वळणात बसत नाही. त्यास गोल कानस व हात हेच साधन. विजेच्या चाकावर धार लावून घेताना पाते तापून निळे पडू देऊ नये. तेवढ्या भागाचे पोलादाचे पाणी उतरते व मग कोणताही दगड धार टिकवू शकत नाही. दिवसाचे काम संपताच चीक धुऊन पाते कोरडे करावे व तेलाचा हात फिरवावा. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना हत्यारे धुऊन निर्जंतुक करावी, कारण रोगाचे जंतू पात्यावरूनही प्रवास करतात.

पहिली मांडणी करण्यास आम्हांस दोन संध्याकाळ लागल्या. वायसरची जागा, अंतर व उंची ही आम्ही फळीवरच लिहून ठेविली आहेत. त्यामुळे आता एका सुरीस पाव तास पुरतो. कापणीच्या आदल्या रात्री हा पाव तास जो धनी देईल, त्याच्या फणीचा माथा वाटेत टिकेल व त्याच्या माणसाचे बोट शाबूत राहील. आमच्या सालदाराचा अंगठा बरा झाला आहे. परंतु सुरी हातात घेण्यापूर्वी तो तिची कड आता स्वतः पाहतो, आणि ते योग्यच आहे.