पौरुषग्रंथीचा कर्करोग आणि आपले निदान

लाखांदूर परिसरात धानाची रोवणी आटोपली की वृद्ध शेतकरी दवाखान्यात येऊ लागतात. मूत्रप्रवृत्तीस विलंब, क्षीण धार, रात्री चार-पाच वेळा उठणे, या तक्रारी त्यांनी महिनोन्‌महिने अंगावर काढलेल्या असतात. आपण वाताष्ठीलेचे निदान करून गोक्षुरादि गुग्गुळ व चंद्रप्रभा वटी देतो. पुष्कळांना उपशय मिळतोही. मात्र उपशय मिळाला म्हणजे कर्करोग नाही, असे ठरत नाही.

सुश्रुताने उत्तरतंत्रात सांगितलेल्या बारा मूत्राघातांपैकी वाताष्ठीला म्हणजे गुद व बस्ती यांच्यामधील अष्ठीलेसारखी घट्ट, अचल, उन्नत ग्रंथी. ही आजची सौम्य पौरुषग्रंथिवृद्धी, असे आपण शिकलो. परंतु सौम्य वृद्धीतील ग्रंथी बोटाला रबरासारखी लागते; दगडासारखा कठीण, उंचसखल स्पर्श कर्करोगाची शंका उत्पन्न करतो. नाव एक असले तरी व्याधी दोन असू शकतात. अश्मरी काढताना सुश्रुत डाव्या हाताच्या दोन अंगुली गुदमार्गे घालण्यास सांगतो. मग गुदपरीक्षेचा संकोच आपणच का धरावा, हे आम्हांस कळत नाही.

सौम्य वृद्धी मूत्रमार्गालगतच्या भागात होते, म्हणून मूत्रास लवकर अडथळा येतो. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाह्य भागात सुरू होतो व दीर्घकाळ मूक राहतो. काही रुग्णांत तो प्रथम प्रकटतो तो अस्थींत, विशेषतः कटीच्या मणक्यांत व श्रोणीत. येथेच आमची एकदा चूक झाली. सत्तरीतील एका शेतकऱ्याच्या कटिशूलावर आम्ही अभ्यंग, स्वेदन व बस्ती यांत दोन महिने घालविले. वजन घटत होते. रात्री वेदना वाढत होती. पीएसए तपासल्यावर उलगडा झाला, तोवर व्याधी मणक्यांत पसरली होती. अशा मणक्यावर जोराचे मर्दन धोक्याचे असते. पाय लुळे पडू लागले किंवा मूत्र अडले, तर रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावा.

वय हे प्रमुख कारण. पिता वा भाऊ बाधित असल्यास धोका सुमारे दुप्पट होतो. पीएसए रक्तात ४ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास पुढील तपासणी करावी. मात्र सौम्य वृद्धी व मूत्रसंसर्गातही तो वाढतो, आणि फिनास्टेराइड घेणाऱ्यात निम्म्याने घटतो. निश्चिती बायॉप्सीनेच होते.

मंदगती व मर्यादित व्याधीत केवळ निगराणीही पुरते; अन्यथा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. पसरलेल्या अवस्थेत पुरुष-संप्रेरक रोखणे हा पाया आहे. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी हे तत्त्व दाखविले. त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया आजही स्वस्त व परिणामकारक आहे. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात रुग्णास पाठविता येते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हे त्यास आपणच सांगावे. बिचारा खर्चाच्या भीतीनेच घरी बसतो.

संप्रेरकरोधक उपचार घेणाऱ्यास वाजीकर योग देऊ नयेत, असे आमचे मत आहे. अश्वगंधा व कवचबीजाने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. भेसळीचा धडा अमेरिकेतून मिळतो. 'पीसी-स्पेस' हा आठ वनस्पतींचा योग २००२ साली बाजारातून मागे घ्यावा लागला, कारण त्यात वॉरफरिनसारखी आधुनिक औषधे मिसळलेली निघाली. औषधालयाच्या मालकांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या सूचीत कर्करोग व प्रोस्टेटचे विकार दोन्ही आहेत. या विकारांवरील उपायांची जाहिरात दुकानात लावता येत नाही. आणि पन्नाशीपुढचा गिऱ्हाईक लघवीसाठी काढा मागू लागला, तर पाठ दुखते का, लघवीत रक्त दिसले का, वजन उतरले का, एवढे विचारूनच बाटली हाती द्यावी.