मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया आणि गिळण्याचा त्रास : प्रतिबंध व दक्षता

मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला की हातांना मुंग्या येतात, बोटांची पकड सैल होते, चालताना तोल जातो. औषधांनी गुण येत नसेल, तर हा दाब काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. पुष्कळदा ती मानेच्या पुढील बाजूने केली जाते. अमेरिकेतील रॉबिन्सन व स्मिथ, तसेच क्लोवर्ड या शल्यविशारदांनी १९५० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिचे यश निर्विवाद असले, तरी तिच्यानंतर उद्भवणाऱ्या एका त्रासाची पुरेशी कल्पना रुग्णांना नसते. तो त्रास म्हणजे घास गिळण्यास होणारी अडचण. त्याविषयी येथे थोडे विवेचन करीत आहोत.

त्रास का होतो?

मानेच्या मणक्यांच्या अगदी पुढे अन्ननलिका आहे आणि तिच्यापुढे श्वासनलिका. मणक्यापर्यंत पोहोचण्यासाठी या दोन्ही नलिका एका बाजूस व मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूस सारून ठेवाव्या लागतात. या ताणामुळे अन्ननलिकेला सूज येते. स्वरयंत्राला चेतना देणारी नस याच परिसरातून जाते. तिच्यावर ताण आल्यास आवाज घोगरा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. मणके जोडण्यासाठी बसविलेली धातूची पट्टी जाड असेल, तर तिचाही अडथळा होऊ शकतो.

हा त्रास किती जणांना होतो? बझाझ व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या महिन्यात सुमारे ५० टक्के, दुसऱ्या महिन्यात ३२ टक्के, सहा महिन्यांनी १८ टक्के आणि वर्षाअखेर साडेबारा टक्के रुग्णांना ही तक्रार होती. याचा अर्थ दुहेरी आहे. बहुतेकांचा त्रास कालांतराने ओसरतो, हा दिलासा. पण काहींचा रेंगाळतो, हा इशारा.

शस्त्रक्रियेपूर्वी

गिळण्यास आधीपासून अडचण आहे काय, आवाज बदलला आहे काय, मानेची किंवा थायरॉइडची शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे काय, हे रुग्णाने आपण होऊन सांगावे. आवश्यक वाटल्यास स्वरयंत्राची तपासणी आधीच करून घेता येते.

आपल्या विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन घरोघरी आढळते. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-तंबाखूची ही सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे तोंडाची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. अशा रुग्णास भूल देताना नळी घालणे अवघड जाते आणि नंतर घास चावणेही जड जाते. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो. म्हणून शस्त्रक्रियेचा दिवस ठरताच ही व्यसने सोडावीत, असा आमचा आग्रह असतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी

ऊतींना हळुवार हाताळणे, ताण देणारी उपकरणे मधून मधून सैल करणे, शक्य तेथे कमी जाडीची पट्टी वापरणे आणि आवश्यक तेवढ्याच मणक्यांना हात लावणे, ही प्रतिबंधाची मुख्य सूत्रे होत. उपकरणे बसविल्यानंतर श्वासनलिकेतील नळीचा फुगा क्षणभर रिकामा करून पुन्हा हलकेच फुगविण्याची रीतही आहे. ९०० रुग्णांवरील २००० सालच्या एका अभ्यासात या रीतीने स्वरयंत्राच्या नसेची तात्पुरती दुर्बलता ६.४ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत इतका फरक आढळला नाही. तथापि हा उपाय बिनखर्चाचा आहे.

शस्त्रक्रियेनंतर

रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीनेच प्रथम चमचाभर पाणी द्यावे. ठसका लागला, आवाज ओलसर झाला, तर तेथेच थांबून परिचारिकेस सांगावे. आपल्याकडे नातेवाईक प्रेमापोटी घास भरवितात. परंतु अन्नाचा कण श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. पडल्या पडल्या काहीही देऊ नये. रुग्णास ताठ बसवावे, लहान घोट व लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास बसू द्यावे.

पहिले काही दिवस मऊ भात, मुगाचे घोटलेले वरण, ज्वारीची आंबील, दही असा आहार उत्तम. पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्यास किंचित दाट पदार्थ सोपे जातात. भाकरी, चिवडा, फुटाणे आणि संत्र्याच्या सालपटासकट फोडी तूर्त टाळाव्यात. गळपट्टा फार घट्ट वाटल्यास स्वतः सैल न करता डॉक्टरांना दाखवावा. त्रास रेंगाळल्यास वाचा व गिळण्याच्या उपचारतज्ज्ञाकडून व्यायाम शिकून घ्यावेत.

त्वरित रुग्णालय गाठा

मान झपाट्याने सुजणे, श्वास घेण्यास त्रास, लाळही न गिळता येणे, ताप अथवा जखमेतून स्राव, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मानेत रक्त साकळून श्वासमार्ग दाबला गेल्यास मिनिटे मोलाची असतात.

‘घास अडकतो’ हे सांगण्यास अनेक रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, संकोच वाटतो. ते मुकाट्याने जेवण कमी करतात आणि अशक्तपणा वाढतो. तेव्हा घरच्यांनी रुग्णाचे ताट पाहावे, त्याचे वजन पाहावे आणि विचारावे. शस्त्रक्रियेने हाताला बळ आले. त्या हाताने रुग्णाने पोटभर जेवावे, तरच उपचार पूर्ण झाले असे आम्ही मानतो.