गोठ्यातील फडकी : निवड व निगा

धार काढण्यापूर्वी सड धुऊन पुसावेत, हे प्रत्येक दूध उत्पादकास ठाऊक असते. परंतु ज्या फडक्याने ते पुसावयाचे त्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. एकच ओले फडके सर्व जनावरांस फिरविल्यास कासदाहाचे (दगडीचे) जंतू रोगी सडावरून निरोगी सडावर जातात. दूध घटते, त्यात गुठळ्या येतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास सड कायमचा निकामी होतो. थोडक्या किमतीच्या फडक्यापायी दुभत्या जनावराचे मोल घटू देणे हा खचितच तोट्याचा व्यवहार होय.

देहू, चाकण, पिंपरी-चिंचवड हा पट्टा कारखान्यांचा आहे. येथील बाजारात गाड्या पुसण्याची सूक्ष्मतंतूंची, म्हणजेच मायक्रोफायबरची, फडकी सहज मिळतात. त्यांचे गुणदोष जाणूनच ती गोठ्यात आणावीत.

फडक्याची परीक्षा

हे कापड बहुधा पॉलिस्टर व नायलॉन यांच्या अतिशय बारीक तंतूंचे असते. तंतू चिरलेले असल्यास त्यांच्या फटींत पाणी व मळ धरला जातो. खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. फरशीवर थोडे पाणी सांडून पुसावे. चांगले फडके पाणी शोषते. हलके फडके ते पुढे ढकलते.

२. कोरड्या, खरबरीत तळहातावरून फिरविल्यास चांगले फडके किंचित अडकते.

३. वजन करावे. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचे ४० सें.मी. लांबीरुंदीचे फडके सुमारे ४८ ग्रॅम भरते.

४. शिवण उसवलेली वा रंग सुटणारी फडकी घेऊ नयेत. कारखान्यात वापरलेल्या, तेलाचा वास येणाऱ्या चिंध्या गोठ्यात मुळीच आणू नयेत.

कोणते फडके कोठे वापरावे

सड पुसण्यास जुन्या धोतराचे वा लुगड्याचे स्वच्छ सुती तुकडे उत्तम, कारण ते निर्धोकपणे उकळता येतात. ज्या मायक्रोफायबर फडक्याच्या चिठ्ठीवर कढत पाण्यात धुण्यास मुभा दिलेली असेल, तेवढेच या कामी वापरावे. इतर फडकी किटल्यांची बाहेरील बाजू, दिव्यांच्या काचा व सौर पंपाचे पत्रे पुसण्यास ठेवावीत. दूध गाळण्यास ही फडकी वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू दुधात उतरतात. किटली आतून न पुसता पालथी घालून वाळवावी. फवारणी पंपाचे फडके वेगळ्या रंगाचे ठेवावे. ते गोठ्यात येता कामा नये.

एका जनावरास एका धारेला एकच स्वतंत्र फडके, हा मुख्य नियम होय. चार जनावरे व दोन वेळची धार असल्यास दिवसाला आठ फडकी लागतात. धुण्यावाळण्यास सवड मिळावी म्हणून सोळा बाळगावीत. रोगी जनावराची धार शेवटी काढावी व त्याचे फडके निराळे धुवावे.

धुणे व वाळविणे

वापरलेली फडकी त्याच दिवशी धुवावीत. सुती फडकी साबणाने धुऊन दहा मिनिटे उकळावीत. मायक्रोफायबरची फडकी चिठ्ठीवर सांगितलेल्या उष्णतेच्या पाण्यात, सुती कपड्यांपासून वेगळी धुवावीत. अन्यथा सुताची लव त्यांना चिकटते. कपडे मऊ करणारे द्रव वापरल्यास त्यांची शोषणशक्ती घटते. ब्लीचिंग पावडरीने नायलॉन कमकुवत होते. इस्त्री करू नये.

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्री संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, त्या सुमारास पावसाळा लागलेला असतो. या दिवसांत फडकी लवकर वाळत नाहीत व ओलाव्यात जंतू वाढतात. तेव्हा जादा संच ठेवून वाऱ्याच्या जागी, छपराखाली दोरीवर ती पूर्ण वाळवावीत.

ही फडकी धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटतात. म्हणून ती इंद्रायणीच्या घाटावर धुऊ नयेत. आधीच दूषित झालेल्या नदीत त्यांची भर पडते. घरी बादलीत धुऊन पाणी दाट सुती कापडातून गाळावे. गाळलेले तंतू व फाटकी फडकी कचरागाडीत द्यावीत. ती जाळू नयेत किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठाभेटीच्या वेळी प्रथम खुंटीवरील फडके पाहावे आणि सांडलेल्या पाण्याची परीक्षा तेथेच करून दाखवावी. प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट शेतकरी बंधू-भगिनींच्या मनावर अधिक ठसते.