सह्याद्रीच्या पावसात टिकणारा चाकू

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर हिंडणाऱ्याची सॅक पुरती कोरडी अशी कधीच नसते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहेत रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळीही ओलाच हाती येतो. अशा हवेत घडीच्या चाकूचं काम तसं साधंच: कांदा-टोमॅटो चिरणं, दोरी कापणं, पाकिटं फोडणं. म्हणून विकत घेताना धारेच्या आधी गंजाची चौकशी करावी.

पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच गंजाला अडवतो. पण नुसता क्रोमियमचा आकडा वाचला तर फसगत होते. डी-टू या पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असतं, तर स्वीडनच्या १२सी२७ मध्ये साडेतेरा. फरक किरकोळ वाटतो. खरी मेख कार्बनमध्ये आहे. तो डी-टूमध्ये दीड टक्का, तर १२सी२७ मध्ये ०.६ टक्के. जास्तीचा कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो आणि त्याचे कठीण कण बनतात. या कणांमुळे धार दीर्घकाळ टिकते, पण गंज रोखायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. त्यामुळे डी-टूचा चाकू उन्हाळ्यात झकास चालतो आणि जुलैत त्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात.

फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल चाकू १८९० पासून बनतो आणि आजही कार्बन व स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत मिळतो. कार्बनचं पातं पटकन धार घेतं. मात्र कैरी किंवा लिंबू चिरून न पुसता ठेवलं तर बघता बघता काळवंडतं. तो काळपटपणा निरुपद्रवी असतो, पातं खातो तो लाल गंज. स्टेनलेस घेतला तरी एक अडचण उरतेच. त्याची नेहमीची बीचच्या लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेतून निघता निघत नाही. कोरड्या दिवसांत मात्र इतका हलका आणि सुबक चाकू शोधूनही सापडणं कठीण.

पावसाळी ट्रेकसाठी व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंच्या जातीचं मऊसर स्टेनलेस पोलाद उत्तम. कडकपणा रॉकवेल मापनावर सुमारे ५६, म्हणजे धार लवकर बोथट होते, पण साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. एस३०व्ही हे पोलाद म्हणजे त्याचं दुसरं टोक. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम असतं आणि त्याचे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या नेहमीच्या दगडापेक्षाही कठीण असतात. धार लावायला हिऱ्याच्या कणांची पट्टी हवी. दोन दिवसांच्या भटकंतीसाठी एवढा खर्च कशाला? समुद्रात कयाक घेऊन जाणाऱ्यांनी मात्र हात आखडता घेऊ नये. खारं पाणी साध्या स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. तिथे एलसी२००एनसारखं नायट्रोजनयुक्त पोलाद कामी येतं.

आता लेपाविषयी. काळं पातं रुबाबदार दिसतं, यात वाद नाही. डीएलसी हा कार्बनचा लेप जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा, तरीही ओरखड्यांना सहज दाद न देणारा. ब्लॅक ऑक्साइड स्वस्त असतो, पण तेलाचा हात फिरवत राहिलं नाही तर तो गंज फारसा अडवत नाही. रंगासारखे जाड लेप दोरी आणि लाकडावर घासून निघतात. शिवाय धार लावली की कडेचा लेप जातोच. ज्या कडेने कापायचं ती उघडी आणि बाकीचं पातं झाकलेलं, अशी ही स्थिती. त्यामुळे कार्बन किंवा डी-टूच्या पात्याला लेप उपयोगी आहे, स्टेनलेसवर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

गंजाची सुरुवात बहुधा जिथे नजर जात नाही तिथे होते: बिजागरीत आणि लॉकच्या फटीत. घरी आल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवावा, पंख्याखाली वाळवावा आणि बिजागरीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सोडावा. ते पोटात गेलं तरी अपाय नाही, आणि खोबरेल तेलासारखं थंडीत गोठत नाही.

पातं तीन-साडेतीन इंचांचं पुरे. शस्त्र नियमांतली ९ इंचांची मर्यादा त्यापासून बरीच दूर असली, तरी पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असताना छोटा चाकूही अडचणीत आणू शकतो. प्रवासात तो खिशात न ठेवता सॅकच्या तळाशी स्वयंपाकाच्या सामानात ठेवावा, आणि विमानाने जाताना चेक-इनच्या बॅगेत.